फटाक्यांना घाबरणारी कुत्री: दिवाळीपासून गड्ड्यापर्यंतची तयारी (सोलापूर)

तलावकाठी (धागाकर्ता)

सोलापुरात कुत्रा पाळणाऱ्यांसाठी फटाक्यांचा मोसम दिवाळीच्या चार दिवसांत संपत नाही. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकांपासून सुरू झालेला दणदणाट लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शिगेला पोहोचतो, तुळशीच्या लग्नापर्यंत रेंगाळतो, लग्नसराईच्या वरातींत अधूनमधून उसळतो आणि मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाने पुन्हा परततो. दिवाळीत जे कुत्रे पलंगाखाली थरथरत बसले होते, ते पुरते सावरले असेल नसेल, तोच जानेवारी उजाडतो. म्हणूनच ही चर्चा दिवाळीच्या आदल्या दिवशी न काढता आत्ताच, काही आठवडे हाताशी असताना सुरू करीत आहे. जे उपाय खरोखर लागू पडतात, त्यांना वेळ लागतो.

आधी भीतीविषयी. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याच्या कानाची मर्यादा ४५,००० हर्ट्झच्या आसपास आहे, आणि आपल्या कानांना जाणवतही नाहीत असे क्षीण आवाज ते सहज टिपते. पण केवळ कान तिखट आहेत म्हणून कुत्रे घाबरते, असे म्हणणे अपुरे आहे. फटाका केव्हा वाजेल, कोणत्या दिशेने वाजेल आणि कधी थांबेल, यांपैकी कशाचाही अंदाज त्याला येत नाही; सोबत डोळे दिपवणारा उजेड आणि दारूचा वास असतो. आपल्याला ठाऊक असते की आज लक्ष्मीपूजन आहे. त्याला फक्त एवढेच कळते की काहीतरी भयंकर जवळ येत आहे आणि त्यापासून पळता येत नाही.

ही भीती पुष्कळदा घरच्यांच्या लक्षातच येत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ‘तुमचे कुत्रे आवाजाला घाबरते का?’ या थेट प्रश्नाला सुमारे एक चतुर्थांश मालकांनी होकार दिला होता. त्याच पाहणीत जेव्हा मालकांना एकेका लक्षणाविषयी नेमके विचारले गेले, तेव्हा जवळजवळ निम्म्या कुत्र्यांमध्ये भीतीचे किमान एक तरी लक्षण आढळले. भुंकणे आणि पळणे आपण ओळखतो. परंतु उन्हाळा नसताना धापा टाकणे, पुन्हापुन्हा जांभया देणे, ओठ चाटत राहणे, शेपूट पोटाशी घेणे, लाळ गळणे, घरभर येरझाऱ्या घालणे, माणसाच्या पायांत पायांत करणे आणि आवडीचा खाऊ समोर असूनही तोंड फिरवणे, हीदेखील भीतीचीच लक्षणे आहेत. यांतले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एरवी हातातला तुकडा हिसकावणारे कुत्रे खाणे नाकारते, तेव्हा त्याची भीती सहन होण्याच्या पलीकडे गेलेली असते.

आता उपायांकडे येतो. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातून २०२० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत बाराशेहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी कोणत्या उपायाने कितपत फरक पडला, ते सांगितले आहे. हे मालकांचे निरीक्षण आहे, प्रयोगशाळेतील मोजमाप नव्हे, ही मर्यादा लक्षात ठेवावी. तरीही निष्कर्ष उपयोगी आहेत. फटाका वाजला की लगेच खाऊ देणे किंवा खेळायला घेणे, हा सर्वांत साधा उपाय करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मालकांना फरक जाणवला. शांत पडून राहण्याचे शिक्षण आणि पशुवैद्यकाने दिलेली औषधे यांचे यशही जवळपास तेवढेच होते. अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटांचा उपयोग निम्म्याहून कमी मालकांना झाला. कुत्र्याला शांत करण्यासाठीची कृत्रिम गंधद्रव्ये (फेरोमोन), वनौषधी, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि सुगंधी तेले यांच्याबाबत साधारण तिघांपैकी एकालाच गुण वाटला. नुसत्या समजुतीनेही तेवढे लोक ‘बरे वाटले’ असे म्हणतात.

खाऊच्या उपायात क्रम चुकता कामा नये. आधी आवाज, मग लगेच खाऊ. खाऊ दाखवून नंतर आवाज झाला, तर काही दिवसांत त्या खाऊचीच धास्ती बसू शकते. आवाज झाल्यावर कुत्र्याने काही करून दाखवण्याची अट नाही. ते भुंकले, दचकले, खाटेखाली गेले, तरी खाऊ मिळालाच पाहिजे, कारण येथे आपण शिस्त लावीत नसून त्या आवाजाचा अर्थ बदलत आहोत. खाऊही रोजचा नको. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, अंडे, पनीर असे काही तरी राखून ठेवावे आणि ते फक्त अशा आवाजांच्या वेळीच द्यावे. दिवाळीपूर्वी कुठेतरी एखादा सुटा फटाका वाजतोच. दूरवरचा तो आवाज म्हणजे शिकवण्याची उत्तम संधी असते, म्हणून खाऊची डबी हाताशी असावी.

घरातल्या जागेविषयी थोडक्यात: रस्त्यापासून सर्वांत आतली खोली निवडावी, खिडक्या बंद करून पडदे ओढावेत, आणि पंखा, कूलर किंवा दूरचित्रवाणी यांचा सलग आवाज चालू ठेवावा. आपल्याकडच्या जाड सोलापुरी चादरी येथे फार उपयोगी पडतात. खाटेच्या तीन बाजूंनी सोडल्या की अंधारी, आवाज थोडा अडवणारी गुहा तयार होते. ही जागा आठवडाभर आधी तयार करून कुत्र्याला तेथे रोज जेवू घालावे. बाहेर येण्याची वाट मात्र मोकळी असावी. कोंडले गेल्याची जाणीव झाली, तर आसऱ्याचाच पिंजरा होतो.

इतरांचे अनुभव आणि मतभेदही वाचायला आवडतील.

माळरान

लेख काळजीपूर्वक लिहिला आहे, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. आमच्या मोहोळकडच्या वस्तीवर वर्षानुवर्षे कुत्री आहेत. वडील नेहमी सांगत की घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळले, तर त्याची भीती पक्की होते. उलट त्याला अंगणात आपल्याजवळ बांधून दोन-चार फटाके वाजू द्यावेत, म्हणजे त्याला सवय होते. आमची कुत्री निर्भय असत. आता शहरात कुत्र्यांना जास्त जपले जाते आणि त्यामुळेच ती घाबरट होतात, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तलावकाठी (धागाकर्ता)

आपण मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. हे मत पुष्कळ घरांत आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

आपण एखाद्या वर्तनाला बक्षीस देऊन ते वाढवू शकतो, कारण वर्तन कुत्र्याच्या हाती असते. ते बस म्हटल्यावर बसते, खाऊ मिळतो, पुढच्या वेळी लवकर बसते. भीती अशी ठरवून केली जात नाही. कोणालाही प्रेमाने जवळ घेतल्यामुळे तो अधिक घाबरायला शिकत नाही. जे कुत्रे आपणहून जवळ येते, त्याला जवळ बसू द्यावे, सावकाश हात फिरवावा, हळू आवाजात बोलावे. जे दूर कोपऱ्यात जाते, त्याला ओढून मांडीवर घेऊ नये. घरातल्यांनी घाबरून धावपळ करणे आणि मोठमोठ्याने ‘काय झालं, काय झालं’ म्हणत राहणे मात्र टाळावे, हा वडिलांच्या सांगण्यातला योग्य भाग आहे.

बांधून ठेवून फटाके वाजवण्याविषयी मला अधिक स्पष्टपणे लिहिले पाहिजे. अशा वेळी काही कुत्री निपचित होतात आणि आपल्याला वाटते की सवय झाली. पुष्कळदा ते पळून जाण्याचा प्रयत्न सोडून दिल्याचे लक्षण असते. आतली भीती तशीच राहते आणि पुढच्या वर्षी ती साध्या आवाजांनाही चिकटते. दार आपटले, गाडीचा टायर फुटला, वीज कडाडली, तरी कुत्रे दडून बसते. साखळीला हिसके देऊन मानेला इजा होण्याचा धोका वेगळाच. तुमच्या वस्तीवरच्या कुत्र्यांना पळून जायला माळ मोकळा होता, फटाक्यांचे आवाज दूर होते, आणि अगदी पिल्लू असल्यापासून ती हे सारे आपल्या मर्जीच्या अंतरावरून ऐकत होती. त्यांच्या निर्भयतेचे कारण मला तेथे दिसते.

यंत्रमाग

आम्ही अशोक चौकाच्या पलीकडे, यंत्रमागांच्या वस्तीत राहतो. आमच्या कुत्रीचा जन्मच मागांच्या खडखडाटात झाला. दिवसभर शेजारी माग चालू असले, तरी ती गाढ झोपते. परंतु गल्लीत एक लवंगी वाजली, की मोरीत जाऊन बसते आणि तासभर बाहेर येत नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची सवय असलेल्या प्राण्याला लहानशा फटाक्याची भीती का वाटावी, हे कोडे आम्हाला उलगडलेले नाही.

ओसरी

मी पशुवैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून उत्तर देते.

मागाचा आवाज मोठा असला, तरी तो सलग आणि तालात असतो. मेंदू अशा आवाजाची लवकरच दखल घेणे सोडून देतो, कारण पुढच्या क्षणी काय होणार ते त्याला ठाऊक असते. फटाक्याचा आवाज शून्यातून एका क्षणात टिपेला जातो, आणि दचकण्याची शारीरिक प्रतिक्रिया याच अचानकपणाला असते. दोन फटाक्यांमधली शांतताही भीती कमी करीत नाही, उलट ती वाढवते. तुमच्या बाबतीत मागाचा ओळखीचा आवाज हा आधार ठरू शकतो. सणाच्या सुटीत माग बंद असतात आणि नेमके त्याच दिवसांत फटाके वाजतात. तेव्हा चालू मागांचा आवाज आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि त्या संध्याकाळी चांगल्या स्पीकरवर सलग लावा. मोरी हीच तिने निवडलेली जागा असेल, तर तिला तेथून काढू नका. खाली कोरडे अंथरूण घाला आणि पाण्याचे भांडे ठेवा.

औषधांविषयी लोक विचारण्यास संकोचतात, म्हणून तेही लिहिते. जे कुत्रे खाणे सोडते, दारे ओरबाडते, दात-नखे रक्ताळेपर्यंत कुंपण चावते किंवा गच्चीवरून उडी मारू पाहते, त्याला केवळ खाऊ आणि चादर पुरणार नाही. अशा प्राण्याला औषध देणे ही हार नव्हे आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे पशुवैद्यक प्राण्याचे वजन, वय, यकृत-मूत्रपिंडाची स्थिती आणि चालू असलेली इतर औषधे पाहून ठरवतात. ही औषधे भीती चढण्याआधी, म्हणजे साधारण तास-दोन तास अगोदर पोटात गेली पाहिजेत. थरथर सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग फारच कमी होतो. आणखी एक आग्रह असा की, पहिली मात्रा एखाद्या शांत दिवशी घरी देऊन पाहावी, कारण काही कुत्री अल्प्राझोलामने शांत होण्याऐवजी अधिक अस्वस्थ होतात, आणि हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळून उपयोगाचे नाही. ज्यांची भीती वर्षभराची आहे, त्यांच्यासाठी फ्लुओक्सेटिनसारखी रोज घ्यायची औषधे असतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून दवाखान्यात आत्ताच जावे.

दोन गोष्टी टाळाव्यात. पहिली, एसेप्रोमॅझिन हे जुने गुंगीचे औषध एकटेच देणे. त्याने कुत्रे हालचाल करीत नाही, त्यामुळे शांत दिसते. परंतु भीती कमी होत नाही, आणि आवाजाची संवेदनशीलता वाढू शकते. शरीर जखडलेले आणि मन घाबरलेले, ही फार वाईट अवस्था आहे. दुसरी, माणसांची झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःच्या अंदाजाने देणे. हे जिवावर बेतू शकते.

पिंपळपार

आमचा लॅब्रेडोर नऊ वर्षांचा आहे. तो आयुष्यभर फटाक्यांकडे दुर्लक्ष करीत आला. गेल्या दिवाळीत मात्र तो पहिल्यांदाच घाबरला आणि आता स्कूटर सुरू झाली तरी दचकतो. वयामुळे असे होते का?

ओसरी

वय म्हणून सोडून देऊ नका. आधी त्याचे सांधे तपासून घ्या. ब्रिटन आणि ब्राझीलमधील अभ्यासकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की ज्यांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते, त्यांची भीती इतरांपेक्षा बरीच उशिरा, सरासरीने सुमारे चार वर्षे उशिरा सुरू झाली होती. अभ्यास लहान होता, पण त्यातील तर्क पटण्यासारखा आहे. दचकताना स्नायू एकदम आवळले जातात, दुखऱ्या सांध्यातून कळ जाते, आणि आवाज व वेदना यांची गाठ मेंदूत बसते. लॅब्रेडोरमध्ये खुब्याचे आणि कोपराचे विकार नेहमीच आढळतात. तो जिना चढताना थांबतो का, उठताना वेळ घेतो का, गाडीत उडी मारणे त्याने बंद केले आहे का, ते पाहा. दुखण्यावर उपचार झाले, की भीतीवरचे उपायही लागू पडू लागतात. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अशा घरातल्या वेदनाशामक गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत.

पिंपळपार

जिन्याचे अगदी खरे आहे. तो मध्येच थांबतो, आणि आम्ही ते वजनावर ढकलत होतो. याच आठवड्यात दाखवून आणतो.

अंगणवेल

संध्याकाळविषयी सगळे लिहितात. मला पहाटेविषयी लिहायचे आहे. आपल्याकडे नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाबरोबर फटाके वाजतात, आणि ज्या वेळी आपण एरवी कुत्र्याला फिरवायला नेतो, त्याच वेळी गल्लोगल्ली आवाज सुरू असतो. जुळे सोलापूर भागात दर दिवाळीला हरवलेल्या कुत्र्यांचे संदेश भ्रमणध्वनीवर फिरू लागतात आणि त्यांतली कितीतरी कुत्री पहाटेच्या फेरीत पट्टा तोडून गेलेली असतात. त्या दिवसांत लांबची फेरी दुपारी, उजेडी काढावी. शरीर थकले, की संध्याकाळी झोप लागते. पहाटेपुरते अंगणात किंवा इमारतीच्या आवारात पट्ट्यासह नेऊन आणावे.

नुसत्या गळपट्ट्यातून घाबरलेले कुत्रे मान मागे खेचून क्षणात निसटते. म्हणून छातीभोवती बसणारा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही असावेत. गळपट्ट्यावर आपला भ्रमणध्वनी क्रमांक न पुसला जाईल असा कोरून किंवा शिवून घ्यावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी पशुवैद्यकाकडून मायक्रोचिपही बसवून घ्यावी. आणि दिवाळीत पाहुण्यांची ये-जा असते, फराळाचे डबे देणारी मुले दार उघडे टाकतात. त्यामुळे मुख्य दार आणि कुत्र्याची खोली यांमध्ये आणखी एक बंद दार असेल, अशी व्यवस्था करावी.

फराळाचेही लिहूनच टाकते, कारण घाबरलेल्या कुत्र्याला काहीतरी खाऊ द्यावा असे वाचून लोक हाताला लागेल ते देतील. बेदाणे आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. रव्याच्या लाडवात ते हमखास असतात. चॉकलेट विषारी आहे. शेंगा चटणीत लसूण असतो, म्हणून चटणी लागलेली भाकरी नको. तळणीचे फार झाले, तर स्वादुपिंडाला सूज येते. साध्या कोरड्या कडक भाकरीचा तुकडा चघळायला दिला, तर चालतो. चघळण्याने कुत्रे शांतही होते.

पेठकर

माझे नवी पेठेत दुकान आहे. पाळलेल्या कुत्र्यांना खोली आहे, खाट आहे, चादर आहे. पेठेतल्या कुत्र्यांना काय आहे? लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुकानादुकानांपुढे माळा लागतात, आणि ज्या पायऱ्यांवर ही कुत्री वर्षभर झोपतात, त्या पायऱ्याच धुराने भरून जातात. ती पळत दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत जातात, तेथे भांडणे होतात. काही वाहनांखाली सापडतात. दोन दिवस ओळखीचे तोंड दिसत नाही.

आम्ही शेजारचे काही व्यापारी मिळून एवढे करतो की पूजेच्या दिवशी दुपारीच कुत्र्यांना पोटभर खाऊ घालतो आणि मागच्या बोळातले एका गोदामाचे शटर कंबरेइतके वर ठेवतो. आत पोती आणि पाणी असते. कोणालाही पकडून आत घालत नाही. ती आपणहून येतात. ही सोय अनेक दिवस आधी सुरू करावी लागते, कारण घाबरलेले कुत्रे अनोळखी जागेत शिरत नाही. सकाळी झाडलोट करणाऱ्यांच्या आधी आम्ही आमच्यापुढचा कचरा उचलतो. न फुटलेले फटाके आणि दारू लागलेले कागद कुत्री हुंगतात, चाटतात, आणि त्यांतली बेरियमसारखी रसायने पोटात गेली तर विषबाधा होते. कोणाचा पाय भाजलेला दिसला, तर किमान दहा मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद किंवा दंतमंजन लावू नये. मग दवाखाना गाठावा.

आपल्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना एक विनंती आहे. त्या चार रात्री जिन्याखाली येऊन बसलेल्या कुत्र्याला काठीने हाकलू नका. सकाळी ते आपले आपण निघून जाते.

चौसोपी

पेठकरांचा प्रतिसाद वाचून बरे वाटले. कायद्याची बाजूही येथे असावी, म्हणून लिहितो.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवण्यास मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि जोडलेल्या फटाक्यांवर, म्हणजे आपण ज्यांना माळा म्हणतो त्यांवर, बंदी घातली. पेठेत काय घडते, ते पेठकरांनी लिहिलेच आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. एकेका फटाक्याच्या आवाजाची मर्यादा, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल, ही १९९९ पासून नियमांत आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या हरित फटाक्यांमुळे धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तेही मोठ्याने वाजतात, त्यामुळे कुत्र्यांच्या दृष्टीने त्यांना निरुपद्रवी समजू नये.

कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधणे किंवा त्याच्या अंगावर फटाका फेकणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. प्राणी मेला किंवा जायबंदी झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागते आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वेळेनंतरच्या फटाक्यांसाठी ११२ वर तक्रार करता येते. तरीही माझे मत असे आहे की तक्रारीच्या आधी शेजाऱ्याशी बोलावे, आणि तेही सणाच्या आदल्या आठवड्यात. ‘फटाके वाजवू नका’ म्हटल्यावर माणसे हट्टाला पेटतात. ‘तुम्ही किती वाजता वाजवणार आहात, म्हणजे मी कुत्र्याला औषध देईन’ असे विचारले, तर बहुतेक जण वेळ सांगतात आणि पुष्कळ जण आवाजही कमी करतात. आमच्या इमारतीतल्या मुलांनी या पद्धतीने सुतळी बॉम्ब सोडून भुईचक्रे, पाऊस आणि फुलबाज्या घेतल्या. त्यांच्या आनंदात काही उणे पडलेले दिसले नाही.

माळरान

मी वरच्या मतावर विचार करीत आहे. पिपाण्या, ढोल, विजा यांना सरावलेली कुत्री मी पाहिली आहेत, म्हणून सवय होतच नाही हे मला मान्य नाही. परंतु बांधून ठेवण्याच्या धोक्याविषयी जे लिहिले आहे, ते पटले. मुलाने आता पिल्लू आणले आहे, दहा आठवड्यांचे. त्याला सवय लावायची असेल, तर कशी?

ओसरी

काका, सवय होते, हे तुमचे म्हणणे बरोबरच आहे. ती कोणत्या पायरीने होते, एवढाच प्रश्न आहे. आणि तुमच्या पिल्लाचे वय त्यासाठी फार चांगले आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारते. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण इतक्या कमी आवाजात लावा की पिल्लाने कान टवकारावेत, पण खेळणे थांबवू नये. त्याच वेळी त्याला जेवण द्या किंवा चेंडू खेळा. काही मिनिटांत बंद करा. काही दिवस याच पातळीवर राहून मग किंचित आवाज वाढवा. ते दचकले, तर मागच्या पातळीवर या. भ्रमणध्वनीचा बारीक स्पीकर पुरेसा नाही, कारण फटाक्याचा खोल दणका त्यातून उमटत नाही. मोठ्या कुत्र्यांसाठीही हीच पद्धत आहे, मात्र त्यांना अनेक आठवडे लागतात. आणि ध्वनिमुद्रणाला सरावलेले कुत्रे खऱ्या फटाक्याला घाबरू शकते, कारण खऱ्या फटाक्यात उजेड, कंप आणि वासही असतो. ऐन दिवाळीत हा सराव थांबवावा आणि फक्त आवाजामागून खाऊ एवढेच चालू ठेवावे.

रेल्वेलाइन्स

दिवाळीनंतरचे दिवस कोणी लिहिले नाहीत. आमची कुत्री पाडव्यानंतरही आठवडाभर अंधार पडल्यावर बाहेर यायला तयार नसते. तिला ओढत न्यावे का?

तलावकाठी (धागाकर्ता)

ओढू नये. बहुतेक कुत्री दुसऱ्या दिवसापर्यंत सावरतात, काहींना आठवडा लागतो, आणि थोड्यांना त्याहूनही अधिक. तिला उजेडी फिरवावे, अंधाराआधीच शी-शू उरकून घ्यावी, आणि दर दोन दिवसांनी फेरीची वेळ थोडी थोडी संध्याकाळकडे सरकवावी. तुळशीच्या लग्नानंतर गड्ड्यापर्यंत जो शांत काळ मिळतो, तो सोलापुरात आपल्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. ध्वनिमुद्रणाचा सराव, शांत पडून राहण्याचे शिक्षण आणि डॉक्टरांची भेट, हे सारे त्या काळात बसवावे. दिवाळीचा अनुभव ताजा असल्याने काय उपयोगी पडले आणि काय नाही, हेही डॉक्टरांना नेमके सांगता येते. शक्य असल्यास कुत्रे घाबरलेले असतानाचे छोटे चित्रण करून ठेवावे, कारण दवाखान्यात ते तसे वागून दाखवणार नाही.

भुईकोट

आमचे घर होम मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे. शोभेच्या दारूकामाच्या रात्री खिडक्यांची तावदाने थरथरतात, तिथे चादरी काय करणार? यंदा त्या संध्याकाळी कुत्र्याला शेळगीला बहिणीकडे नेण्याचा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

ओसरी

आवाजापासून दूर नेणे हा सर्वांत चांगला उपाय आहे, परंतु तो त्या संध्याकाळी पहिल्यांदा करू नका. डिसेंबरात दोन-तीन वेळा त्याला बहिणीकडे नेऊन आणा, तेथे जेवू घाला, जमल्यास एक रात्र ठेवा, म्हणजे ते घर त्याला ओळखीचे होईल. यात्रेच्या दिवसांत किल्ला आणि तलाव परिसरात गर्दी असते आणि वाहतूक वळवलेली असते, म्हणून अंधार पडण्याची वाट न पाहता दुपारीच निघा. त्याचे रोजचे अंथरूण न धुता सोबत घ्या. दारूकाम संपल्यावर लगेच परतू नका, कारण त्यानंतरही गल्ल्यांतून सुटे फटाके वाजत राहतात. रात्र तिकडेच काढा. आणि जाताना-येताना गाडीचे दार उघडण्याआधी हार्नेसचा पट्टा हाताला गुंडाळलेला असू द्या.

भुईकोट

बहिणीशी आत्ताच बोललो. येत्या रविवारी पहिली फेरी करतो आणि येथे कळवतो.